आडवी बाटली : जास्त मतं पडूनही दारूचं दुकान चालूच का राहतं? समजून घ्या मतदानाचं गणित

गावातलं सरकारमान्य दारूचं दुकान बंद करायचं असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी कायदेशीर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, दुसरी आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद करा. म्हणून सगळीकडे या मतदानाला ‘आडवी बाटली’ असंच नाव पडलंय.

पण अनेक गावांत एक प्रकार घडतो. मतमोजणी होते, आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं निघतात, बायका गुलाल आणायच्या तयारीत असतात, आणि अधिकारी सांगतात की दुकान बंद होणार नाही. मग गावभर एकच चर्चा, ‘पैसे खाल्ले, सेटिंग झाली.’ दरवेळी सेटिंग असतेच असं नाही. बऱ्याच वेळा कारण नियमातच असतं, आणि तो नियम आधी कुणी नीट सांगितलेला नसतो. तो नियम काय, तो कुठे अडवतो आणि दारूबद्दल लोकांचं खरं मत काय, हे आज सविस्तर पाहू.

कायद्याचं नाव दारूबंदी, कामकाज परवान्यांचं

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे दारूबाबतचा मुख्य कायदा १९४९ चा आहे. पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. नावात ‘दारूबंदी’ आहे, पण आज याच कायद्याखाली दारूच्या दुकानांना परवाने मिळतात. देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-३, वाइन शॉप म्हणजे एफएल-२, परमिट रूम म्हणजे एफएल-३ आणि बिअर शॉपी म्हणजे एफएल/बीआर-२. दुकानाच्या पाटीवर हे नंबर तुम्ही पाहिले असतील.

एवढंच नाही, कायद्याप्रमाणे दारू पिणाऱ्याकडेही परवाना लागतो. रोजचा परवाना देशीसाठी २ रुपये आणि विदेशीसाठी ५ रुपयांना मिळतो. गावात किती जणांच्या खिशात तो असतो, हे ज्याचं त्याला माहीत.

राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये म्हटलंय की आरोग्याला घातक असलेली मादक पेयं बंद करण्यासाठी राज्यानं प्रयत्न करावा. ही मार्गदर्शक सूचना आहे, तिच्या आधारावर कोर्टात जाऊन सरकारला दारूबंदी करायला भाग पाडता येत नाही. दुसऱ्या बाजूला सरकारच्या तिजोरीला दारूवरच्या करातून मोठा पैसा मिळतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला साधारण १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. हा सगळा महसूल नाही, फक्त वाढीव आकडा आहे. यावरून कळतं की सरकार सरसकट बंदी का करत नाही.

मग सरकारनं मधला रस्ता काढला. राज्यभर परवाने चालू ठेवायचे, पण एखाद्या गावाला दुकान नको असेल तर त्या गावानं मतदान करून ते बंद करावं. २००८ च्या आदेशात याची पद्धत ठरवून दिली आहे.

गावाचं मत एक नसतं

दारूचा विषय पारावर निघाला की चार तऱ्हेची मतं ऐकू येतात.

पहिलं मत बहुतेक बायकांचं. दुकान गावातून गेलंच पाहिजे. मजुरीचा पैसा घरी येत नाही, पोराच्या फीचे पैसे जातात, रात्री मारहाण होते, तरणी पोरं नादाला लागतात. यात तत्त्वज्ञान नसतं, रोजचा हिशोब असतो.

दुसरं मत, ‘बंद करून काय होणार? प्यायचा तो पिणारच. शेजारच्या गावात जाईल, नाहीतर हातभट्टीची घेईल.’ हे फक्त पिणारेच बोलत नाहीत, न पिणारी जाणती माणसंही बोलतात.

तिसरं मत धंद्याचं. दुकानाच्या आजूबाजूला अंडाभुर्जी, चकली-शेव, पानटपरी असते. त्यांचं पोट त्यावर असतं. दुकानवाला कुणाच्या तरी भावकीतला असतो, तो जत्रेला वर्गणी देतो, अडीनडीला उसने पैसे देतो.

चौथं मत सगळ्यात मोठ्या गटाचं असतं, आणि तो गट बोलतच नाही. ‘आपण कशाला वाईट व्हा?’ एवढंच त्यांचं म्हणणं.

हा चौथा गट लक्षात ठेवा. आडव्या बाटलीचा निकाल बहुतेक वेळा यांच्यावरच ठरतो.

मतदान मिळवायचं कसं?

पद्धत साधारण अशी आहे.

१. गावातल्या (शहरात असेल तर वॉर्डातल्या) एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी सह्या करून लेखी निवेदन द्यायचं. एकूण मतदारांपैकी २५ टक्के जणांनाही अशी मागणी करता येते. पण प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पुढाकार महिलांचाच असतो.

२. निवेदन जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. बोलीभाषेत आपण या खात्याला ‘एक्साइज’ म्हणतो.

३. त्यानंतर सह्यांची पडताळणी होते. सही किंवा अंगठा खरंच त्याच बाईचा आहे का, तिचं नाव मतदार यादीत आहे का, हे अधिकारी गावात येऊन तपासतात. त्या दिवशी बाईला ओळखपत्र घेऊन स्वतः यावं लागतं.

४. पडताळणीत २५ टक्क्यांचा आकडा टिकला तर जिल्हाधिकारी मतदानाची तारीख लावतात. तहसील कार्यालयाकडून कर्मचारी, मतपेटी, पोलीस बंदोबस्त अशी सगळी व्यवस्था होते. मतदान गुप्त असतं. कुणी कशावर शिक्का मारला हे घरातल्यालाही कळत नाही.

५. मागणी महिलांची असेल तर मतदानही फक्त महिलांचं होतं.

६. एकूण महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांपेक्षा जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर जिल्हाधिकारी दुकान बंद करण्याचा आदेश काढतात.

सहावा मुद्दा पुन्हा वाचा. झालेल्या मतदानाच्या ५० टक्के नाही, मतदार यादीत नाव असलेल्या सगळ्या महिलांच्या ५० टक्क्यांहून जास्त. सगळी गोम इथंच आहे.

गणित करून पाहू

समजा एका गावाच्या यादीत १,२०० महिला मतदार आहेत. निवेदनाला लागतील ३०० सह्या. दुकान बंद व्हायला लागतील ६०१ मतं.

मतदानाच्या दिवशी ७२० महिला आल्या. त्यातल्या ५९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, १२० जणींनी उभीवर मारला आणि १० मतं बाद झाली. म्हणजे आलेल्या शंभरातल्या जवळपास ८२ जणी म्हणाल्या, दुकान बंद करा. सरपंचाच्या निवडणुकीत एवढी मतं पडली असती तर मोठा विजय झाला असता. पण इथं दुकान चालूच राहतं. ११ मतं कमी पडली.

आता उरलेल्या ४८० जणींचा विचार करा. त्या मतदानाला आल्याच नाहीत. त्यांनी उभ्या बाटलीला मत दिलेलं नाही. पण हिशोबात त्या दुकानाच्या बाजूनं धरल्यासारख्याच झाल्या. म्हणजे दुकानवाल्याला बायकांचं मन वळवायची गरजच नाही. त्या दिवशी त्या घरातून बाहेर पडल्या नाहीत तरी त्याचं काम होतं.

आमदार-खासदार निवडताना असा नियम नसतो. तिथं न आलेला मतदार कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. आडव्या बाटलीत मात्र न येणंसुद्धा मोजलं जातं.

नियमाच्या बाजूनंही एक म्हणणं आहे, तेही ऐकलं पाहिजे. दुकानवाल्यानं सरकारला फी भरून परवाना घेतलेला असतो. मूठभर लोकांनी एकत्र येऊन कुणाचाही परवाना बंद पाडू नये, म्हणून खरोखरचं बहुमत दाखवा, असं त्यामागचं कारण सांगता येतं. म्हणणं चुकीचं नाही. पण बहुमत मोजायचं असेल तर यादी तरी खरी पाहिजे.

यादीत नाव, गावात माणूस नाही

कोणत्याही गावाची मतदार यादी हातात घ्या. लग्न होऊन पाच-सात वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या मुलींची नावं तशीच असतात. वारलेल्या म्हाताऱ्यांची नावं असतात. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, सुरतला गेलेल्यांची असतात. ऊसतोडीचा पट्टा असेल तर दिवाळीनंतर निम्मी वस्ती कारखान्यावर असते. ही सगळी नावं १,२०० मध्ये धरली जातात आणि यातली एकही मतदानाला येत नाही.

उलट नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं अजून माहेरच्याच यादीत असतात. दारूचा त्रास त्यांना इथं होतो, मत मात्र तिथं असतं.

गावात असूनही न येणाऱ्यांची कारणं वेगळी. सोंगणी-काढणीचे दिवस असले की एक दिवसाची मजुरी बुडते. नवरा किंवा सासरा सांगतो, ‘तू त्या भानगडीत पडू नको.’ काहींना वाटतं मत फुटेल. काही ठिकाणी आदल्या रात्री साड्या-पैशाचं वाटप झाल्याचंही बोललं जातं. आणि ‘माझ्या एकटीच्या मतानं काय होतंय?’ हे तर सगळीकडेच असतं. वरच्या उदाहरणात अशा ११ जणी आल्या असत्या तर निकाल फिरला असता.

चंद्रपूर : लोकांनी मागितली, लोकांच्या नावानं उठली

लोकांचं मत कसं मोजलं जातं यावर किती अवलंबून असतं, ते चंद्रपूर जिल्ह्यात दिसलं.

शेजारचे दोन जिल्हे आधीपासून दारूबंदीचे. वर्ध्यात गांधीजींचं सेवाग्राम, म्हणून तिथं १९७५ पासून बंदी. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात महिलांनी ही मागणी धरली. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकारानं डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरला विधिमंडळ अधिवेशनावर महिलांचा पायी मोर्चा गेला. जिल्ह्यातल्या पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले. शेवटी १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

सहाच वर्षांत चित्र बदललं. बंदीचा आढावा घेताना प्रशासनानं लोकांकडून निवेदनं मागवली. अडीच लाखांहून जास्त निवेदनं आली आणि त्यातली बहुतेक बंदी उठवा म्हणणारी होती. पुढे निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी जुलैत दुकानं उघडली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, त्या धंद्यात बायका आणि पोरं ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणं सरकारनं दिली. बंदीच्या बाजूच्या लोकांनी उलट विचारलं की अंमलबजावणी नीट झाली नाही हा दोष बंदीचा की अंमलबजावणी करणाऱ्यांचा?

आता जिल्हा तोच, माणसं तीच. मग खरं मत कोणतं? ग्रामसभेत हात वर करून ठराव झाला तेव्हा बायका पुढे होत्या, गाव त्यांच्या मागे उभं राहिलं. निवेदनं मागवली तेव्हा कागद लिहून आणणारे, आणवून घेणारे पुढे होते. दोन्ही वेळा मत घेतलंच गेलं. पण विचारण्याची रीत बदलली की उत्तर देणारी माणसंही बदलतात. आडव्या बाटलीत तर उत्तर न देणाऱ्यांचंही उत्तर धरलं जातं.

बंदी झाली म्हणजे दारू संपली का?

दुसऱ्या मताचे लोक म्हणतात ते इथं तपासून बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १४ टक्के दारू पितात असं आढळलं. महिलांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. आणि गडचिरोलीत, जिथं १९९३ पासून बंदी आहे, तिथं दर तीन पुरुषांमागे साधारण एक दारू पिणारा निघाला.

‘बघा, बंदीचा काही उपयोग नाही,’ असं म्हणायला हा आकडा लगेच वापरला जातो. पण गडचिरोली भागात मोहाची दारू पिढ्यान्‌पिढ्या घरात गाळली जाते. आदिवासी समाजात देवाधर्माला, लग्नकार्याला तिचं स्थान आहे. बंदी होण्याआधी तिथं काय प्रमाण होतं आणि बंदी नसती तर किती झालं असतं, हे या एका आकड्यावरून ठरवता येत नाही. पण एवढं नक्की कळतं की नुसता कागदावरचा आदेश पुरत नाही.

हे ओळखूनच गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांची सर्च संस्था आणि सरकार यांनी मिळून २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू केला. गावागावात संघटना, अवैध विक्रीवर गावाचा दबाव, पोलिसांकडून कारवाई आणि पिणाऱ्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी उपचार, अशी त्याची बांधणी आहे. चंद्रपूरची बंदी उठली तेव्हा गडचिरोलीतही बंदी उठवण्याची मागणी झाली. तिथल्या शेकडो गावांनी मात्र बंदी राहू द्या असे ठराव करून पाठवले.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आणखी एक आधार आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा ती नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेला, योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीला दिला आहे. पेसा गावातल्या वाचकांनी ही गोष्ट ग्रामसेवकाला जरूर विचारावी.

दुकान गेलं, आता पुढे?

आडव्या बाटलीनं बंद होतं ते परवाना असलेलं दुकान. हातभट्टी, ढाब्यावरची चोरटी विक्री, गोठ्यात पोत्याखाली ठेवलेल्या बाटल्या याला मतदान लागतच नाही. ते आधीच बेकायदा आहे. त्यासाठी दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा दाखल होतो. पेपरात ‘६५ ई खाली कारवाई’ असं वाचतो, ते हेच. पुन्हा पुन्हा विकणाऱ्याकडून कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्यावर कलम ८५ आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं ग्रामरक्षक दलाची तरतूदही केली आहे. अवैध दारूची माहिती पोलिसांना आणि एक्साइजला देणं हे त्या दलाचं काम.

हे सगळं लागतं, कारण दुकान बंद झाल्यावरचे पहिले काही महिने धोक्याचे असतात. चोरून विकणारे तयारच असतात आणि चोरीच्या मालात काय मिसळलंय हे कुणी सांगू शकत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात पांगरमल गावात ऐन जिल्हा परिषद निवडणुकीत जेवणावळीतली बनावट दारू पिऊन माणसं दगावली. दोन्हीकडे दारू फुकट किंवा स्वस्त होती, आणि मेली ती गोरगरीब माणसं. तेव्हा ‘बंद केलं की हातभट्टी वाढते’ ही भीती खोटी नाही. फक्त त्या भीतीवरचा उपाय पोलिसांना जाब विचारणं हा आहे. दुकान राहू द्या म्हणून हातभट्टी थांबते असंही कुठे दिसत नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालू असलेली गावं कमी नाहीत.

मग दुकान गेल्यानं फायदा काय? सोय जाते. शाळेच्या, एसटी स्टँडच्या वाटेवर दुकान असलं की पोरं रोज बघतात. मजुरीचे पैसे हातात पडल्यावर घरी यायच्या वाटेत दुकान लागलं की निम्मे तिथंच जातात. तेच दुकान आठ-दहा किलोमीटरवर गेलं की पक्का पिणारा जाईल, पण अधूनमधून पिणारा आणि नवा शिकणारा रोज जाणार नाही. बायका जेव्हा ‘गावातून हलवा’ म्हणतात, तेव्हा त्यांचा हिशोब बहुतेक एवढाच असतो.

आणखी एक सावधगिरी. ज्याला रोज भरपूर पिण्याची सवय आहे, त्याची दारू एकदम तुटली तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात. कधी जीवावरही बेततं. अशा माणसाला कोंडून ठेवू नका, भगताकडे नेऊ नका. सरकारी दवाखान्यात न्या. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६ हा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. घरात मारहाण होत असेल तर ११२ ला फोन करा.

मतदान मागण्याआधी ही तयारी करा

– एक्साइज अधीक्षक कार्यालयातून सध्या लागू असलेल्या आदेशाची प्रत घ्या. तोंडी माहितीवर जाऊ नका.

– मतदार यादी काढा आणि नाव नाव तपासा. वारलेल्या, कायमच्या दुसरीकडे गेलेल्या महिलांची नावं कमी करण्यासाठी बीएलओकडे नमुना ७ भरून द्या. नवीन सुनांचं नाव यादीत कुठेच नसेल तर नमुना ६, माहेरच्या यादीत असेल तर पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. हे काम मतदानाच्या कितीतरी आधी करावं लागतं.

– सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका. पडताळणीत काही जणी गळतातच. ३०० लागत असतील तर ४५० चं लक्ष्य धरा.

– निवेदनात कोणतं दुकान, परवान्याचा प्रकार आणि पत्ता स्पष्ट लिहा. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि फोटो काढून ठेवा.

– मतदानाची तारीख सुगीत किंवा ऊसतोडीच्या हंगामात येऊ नये म्हणून आधीच लेखी विनंती करा.

– आपल्याला किती मतं लागतात तो आकडा चावडीवर, बचत गटाच्या बैठकीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सांगा. ‘बहुमत पाहिजे’ असं मोघम सांगू नका, ‘६०१ पाहिजेत’ असं सांगा.

– गल्लीवार यादी करून प्रत्येक दहा घरांमागे एक बाई नेमा. मतदानाच्या दिवशी कोण आलं, कोण राहिलं हे दुपारी दोनपर्यंत कळलं पाहिजे.

– शिक्का आडव्या बाटलीवरच मारायचा, हे चित्र दाखवून समजावा. म्हाताऱ्या बायकांची मतं गोंधळामुळे बाद होतात.

– दुकानवाल्यानं दुसऱ्या जागी हलवण्याचा अर्ज केल्याचं कळलं तर त्या जागेच्या लोकांना सांगा आणि लेखी हरकत द्या. नाहीतर वेशीबाहेर गेलेलं दुकान वाडीवर येऊन बसतं.

एकदा मतदान हुकलं की पुन्हा सह्या गोळा करण्यापासून सगळं करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी बायकांचा उत्साह निम्म्यावर आलेला असतो. म्हणून घाई करण्यापेक्षा दोन महिने उशीर झालेला परवडतो.

दुकान ठेवायचं की बंद करायचं हे प्रत्येक गावानं आपलं आपण ठरवावं. कुणाला उभी बाटली योग्य वाटत असेल तर तो शिक्का मारायचाही तिला पूर्ण हक्क आहे. पण तुमच्या गावात हे मतदान लागलं आणि तुम्ही ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून घरी बसलात, तर तुमचं मत उभ्या बाटलीच्या कामी आलंय एवढं लक्षात असू द्या. घरातल्या आई, बहीण, सून, जावा यांना हा हिशोब वाचून दाखवा.